कान सोनारानेच टोचावेत : सुईच्या भीतीचा मुंबईतला इतिहास

१/
१० जानेवारी १८९७. भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज. छत्तीस वर्षांचा एक परदेशी शास्त्रज्ञ स्वतःच तयार केलेली प्लेगची लस स्वतःच्या शरीरात टोचून घेतो. तोवर ही लस कोणत्याही माणसाला दिलेली नव्हती. त्याने घेतलेली मात्रा पुढे लोकांना दिल्या गेलेल्या मात्रेच्या कितीतरी पट होती. बाहेर शहर ओस पडत चालले होते आणि जे मागे राहिले होते त्यांना प्लेगाइतकीच सरकारी सुईचीही धास्ती वाटत होती.

इतिहासप्रेमी मित्रमैत्रिणींनो, आजचा धागा या धास्तीविषयी आहे. ती मूर्खपणाची होती का? ती ओसरली ती कशामुळे? आणि आज सौंदर्योपचारांच्या सुईपुढे बसणाऱ्यांना त्यातून काही शिकता येते का?

२/
आधी एक कबुली देते, कारण हा विषय मी ग्रंथालयात शोधलेला नाही. किशोरवयातल्या मुरुमांनी माझ्या दोन्ही गालांवर खड्डे ठेवले आहेत. गेल्या वर्षी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सुचवले की यातले काही खड्डे इंजेक्शनने भरून काढता येतील. मी होकार दिला, खुर्चीत बसले, सुई गालाजवळ आली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा पाय उंच ठेवलेले होते आणि मदतनीस हसत म्हणत होती, "एवढीशी तर सुई!" त्या दिवशी काहीच न करून घेता मी ठाकूरद्वारला चालत परतले.

३/
घरी आजीला सांगितले. ती म्हणाली, "अगं, बाराव्या दिवशी तुझे कान टोचले तेव्हा तू जेमतेम एकदा रडलीस. सोनार चांगला होता."

आजीच्या दंडावर देवी टोचल्याचा रुपयाएवढा गोल व्रण आहे आणि दोन भुवयांच्या मधोमध गोंदणाचा हिरवट ठिपका. एकाच देहावर सुईच्या दोन खुणा : एक सरकारी कर्मचाऱ्याने केलेली, दुसरी गावात आलेल्या गोंदणारणीने. पहिलीच्या वेळी ती म्हणे माळ्यावर लपून बसली होती. दुसरी तिने हट्टाने करवून घेतली. वेदना दोन्ही वेळा होती. मग भीती एकाच वेळी का वाटली?

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी वाचायला बसले.

४/
आपल्या भाषेतच पाहा. कान टोचतात, नाक टोचतात, देवी टोचतात, लसही टोचतात. क्रियापद एकच आहे. कर्णवेध हा तर सोळा संस्कारांपैकी एक. गोंदणात सुयांची जुडी काजळीत बुडवून त्वचेवर शेकडो वेळा टोचली जाते, आणि मेल्यावर सगळे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

म्हणजे सौंदर्यासाठी सुई सोसणे ही आधुनिक चूष नव्हे. महाराष्ट्रातल्या बायकांनी ती शतकानुशतके सोसली. पण भाषेने त्याबरोबर एक अटही नोंदवून ठेवली : कान सोनारानेच टोचावेत. सांगणारा किंवा करणारा माणूस योग्य असेल तरच गोष्ट पटते, हा त्या म्हणीचा अर्थ. ही म्हण ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

५/
चेहरा आणि सुई यांचे नाते जुने आहे आणि त्याच्या मुळाशी देवीचा रोग आहे. हा रोग ज्यांना सोडून देई त्यांच्याही चेहऱ्यावर आयुष्यभराचे वण ठेवून जाई.

इंग्लंडमधील लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही आपल्या रूपासाठी नावाजलेली स्त्री. १७१५ मध्ये तिला देवी आल्या. ती वाचली, पण चेहऱ्यावर वण राहिले आणि पापण्यांचे केस गेले. पुढे पती राजदूत म्हणून तुर्कस्तानात गेला तेव्हा तिने तिथे एक प्रथा पाहिली : म्हाताऱ्या बायका अक्रोडाच्या कवचातून देवीच्या फोडातला द्रव आणत आणि सुईच्या टोकाने तो निरोगी माणसाच्या शिरेत सोडत. सौम्य आजार येई आणि पुढे देवी येत नसत. १७१८ मध्ये तिने आपल्या मुलाला आणि १७२१ मध्ये लंडनमध्ये मुलीला असे टोचून घेतले. स्वतःच्या आरशाने जे शिकवले होते ते तिने मुलांच्या दंडावर वापरले.

६/
१७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने गायीच्या देवीची सुरक्षित लस सिद्ध केली. भारतात ही लस सर्वप्रथम पोहोचली ती मुंबईत. बगदाद, बसरा या मार्गाने ती आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतात लसीचा यशस्वी परिणाम झालेली ही पहिली नोंदलेली व्यक्ती.

त्या काळी लस कुपीत येत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव आठवड्याभराने दुसऱ्याच्या दंडात, त्याचा तिसऱ्याच्या, अशी साखळी चालवावी लागे. ॲनाच्या दंडापासून निघालेली ही साखळी मुंबईत इतर मुलांपर्यंत आणि तिथून देशातल्या दूरदूरच्या शहरांपर्यंत गेली.

७/
आता पालकांच्या जागी उभे राहून पाहा. हत्यार सुई नसे, तर नस्तर, म्हणजे छोटी धारदार पाती. द्रव कोणाच्या तरी अनोळखी मुलाच्या दंडातला. त्यात जातीपातीचा विटाळ मानणारा तो समाज. शिवाय दुसऱ्याचा आजारही त्या द्रवाबरोबर येऊ शकतो ही शंका, आणि ही शंका वैद्यकीयदृष्ट्या खरीच होती. त्यात ज्या रोगाला लोक देवीचे येणे मानत, तिला अडवणारे आपण कोण, हाही भाव होता.

१८७७ मध्ये मुंबई शहरात मुलांना देवी टोचणे कायद्याने बंधनकारक झाले. माळ्यावर लपणाऱ्या पोरांची परंपरा बहुधा तेव्हापासूनची असावी. पुढे विसाव्या शतकातही आपल्याकडे अनेक वर्षे फिरत्या चाकाचे नस्तर वापरात होते : काटेरी चकती दंडावर दाबून गोल फिरवायची. आजीच्या दंडावरचा रुपया पाहिला की ते हत्यार डोळ्यांपुढे येते.

८/
पोकळ सुई आणि दट्ट्याची पिचकारी, म्हणजे आज आपण जिला सिरिंज म्हणतो ती, १८५३ च्या सुमाराची. स्कॉटलंडचा अलेक्झांडर वुड आणि फ्रान्सचा शार्ल प्राव्हाझ यांची नावे तिच्याशी जोडली जातात. त्याआधी १८४४ मध्ये डब्लिनच्या फ्रान्सिस रिंडने पोकळ सुईतून त्वचेखाली औषध सोडले होते.

हा बदल लहान वाटतो, पण भीतीच्या इतिहासात तो मोठा आहे. नस्तर वरवरचे ओरखडे काढी. आत काय जाते ते दिसे. सिरिंजमध्ये एक अनोळखी द्रव त्वचेच्या आत नाहीसा होतो आणि तो परत काढता येत नाही. वेदना कमी झाली, पण विश्वास मात्र पूर्वीपेक्षा अधिक लागू लागला.

९/
सप्टेंबर १८९६. मांडवी भागात गाठीच्या तापाचे रुग्ण आढळू लागले आणि मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे ओळखले. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने सरळ चालत धोबीतलावाला गेलात, की मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा दिसेल. गिरगावातून रोज हजारो माणसे त्याच्यासमोरून जातात. फार थोडी वर पाहतात.

काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. गिरण्या थंडावल्या, वाड्या आणि चाळी रिकाम्या झाल्या.

१०/
सरकारने काय केले? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. घरे तपासण्याचा, रुग्णाला उचलून रुग्णालयात नेण्याचा, नातेवाइकांना छावणीत ठेवण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. पुण्यात या अंमलबजावणीचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडच्या हत्येत झाला, हे आपण सारे जाणतोच.

मुंबईत कायद्याच्या आधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या साथरुग्णालयावर चालून गेला होता. रुग्णालयात माणसाला उलटे टांगून त्याच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात, अशी अफवा होती. मार्च १८९८ मध्ये शहरात दंगल उसळली तिचे निमित्तही एका तरुणीची प्लेगसाठी तपासणी करण्याचा प्रयत्न हेच होते.

११/
या वातावरणात ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसात जन्मलेले, ज्यू, झारच्या रशियात संशयित ठरलेले, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. कॉलऱ्याची लस त्यांनी १८९२ मध्ये अशीच आधी स्वतःला टोचली होती.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली ती एका खोलीची आणि ओसरीची. हाताखाली एक कारकून आणि काही शिपाई. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवायचे, उष्णता देऊन मारायचे आणि तो द्रव लस म्हणून वापरायचा, अशी त्यांची रीत. जंतूंना वाढीसाठी पृष्ठभागावर आधार लागे म्हणून ते रसावर तुपाचे थेंब सोडत. तीन महिन्यांत लस तयार झाली.

१२/
या कथेतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रयोगशाळांत मांसरस सामान्यतः गोमांसाचा करीत. हाफकिननी इथे बकऱ्याचे मांस वापरले. हिंदूंना गोमांस चालणार नाही, मुसलमानांना डुकराचे चालणार नाही, हे त्यांनी लस करतानाच ध्यानात घेतले.

लोक काय विचारणार आहेत याचा विचार त्यांनी लोकांनी विचारण्यापूर्वी केला. अधिकारी जिला 'अडाणी लोकांची शंका' म्हणत होते, तिला या माणसाने लसीच्या घटकांतूनच उत्तर दिले. सोनार म्हणतात तो हा.

१३/
आणि मग १० जानेवारी. स्वतःला टोचून घेतल्यावर त्यांना ताप चढला, टोचलेली जागा दुखली, आणि ते बरे झाले. त्यानंतर शहरातल्या काही नामांकित मंडळींनी स्वेच्छेने टोचून घेतले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या सव्वातीनशेच्या आसपास कैद्यांपैकी सुमारे दीडशे जणांनी लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जणांना लागण झाली, त्यांपैकी ६ दगावले. घेतलेल्यांत, पहिल्याच दिवशी आजारी पडलेले वगळता, दोघांना लागण झाली आणि दोघेही वाचले.

इथे थांबून एक प्रश्न विचारायलाच हवा : गजाआड असलेल्या माणसाची 'स्वेच्छा' कितपत खरी? आजच्या वैद्यकीय नीतीत हा प्रयोग सहज बसणार नाही. हाफकिनबद्दल आदर बाळगूनही हे नोंदवले पाहिजे.

१४/
आकडे प्रसिद्ध झाले, पण आकड्यांनी भीती जात नाही. ती कशी गेली याचे उत्तम उदाहरण खोजा समाजाचे आहे.

त्यांचे धर्मगुरू तिसरे आगाखान तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की अनुयायांचे भय घालवण्यासाठी त्यांनी त्यांच्यादेखत स्वतःला लस टोचून घेतली. हाफकिनना प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला. पाठोपाठ खोजा समाजातील लोक मोठ्या संख्येने पुढे आले.

सैनिकांनी दार ठोठावून जे साधले नाही ते एका एकोणीस वर्षांच्या मुलाने बाही वर करून साधले. लोकांनी त्या दिवशी सूक्ष्मजंतुशास्त्र शिकून घेतले नव्हते. आपला माणूस टोचून घेतो आणि दुसऱ्या दिवशी चालताबोलता दिसतो, एवढेच त्यांनी पाहिले.

१५/
अफवांकडे आपण हसून पाहतो. पंजाबात तर टोचणीची सुई गजभर लांब असते, टोचल्याबरोबर माणूस मरतो, पुरुषत्व जाते, बायका वांझ होतात असे बोलले जाई. पण अफवा हाही इतिहासाचा दस्तऐवज असतो. तिच्यातली माहिती खोटी असली तरी तिच्यातली तक्रार खरी असते.

गजभर सुई म्हणजे काय? ज्या सत्तेने घरात शिरून माणूस उचलला, तीच सत्ता आता कातडीच्याही आत शिरू पाहते आहे, ही जाणीव. माझ्या मते त्या गजात सुईची लांबी मोजलेली नाही. सत्ता आणि प्रजा यांच्यातले अंतर मोजले आहे.

१६/
आणि भीती प्रत्येक वेळी खोटीच ठरली असेही नाही. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातील मुलकोवाल हे खेडे. त्या दिवशी १०७ जणांना प्लेगची लस दिली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले.

दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे दिसून आले की बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात हाफकिनची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते निर्दोष ठरले. पण पाच वर्षे गेली होती, आणि १९ माणसे तर परत येणार नव्हती.

१७/
मुलकोवालने शिकवलेली गोष्ट साधी आहे. लस निर्दोष होती, हेतू निर्दोष होता, तरी शेवटच्या हातातला चिमटा अस्वच्छ होता. सुईला घाबरणारा माणूस जेव्हा विचारतो, "बाटली कोणी उघडली? हात धुतले का?" तेव्हा तो अडाणी नसतो. तो नेमका प्रश्न विचारत असतो.

आज परळच्या जुन्या राजभवनात हाफकिन इन्स्टिट्यूट उभी आहे. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेग संशोधन प्रयोगशाळा तिथे सुरू झाली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. लालबाग-परळच्या गर्दीतून जाताना त्या फाटकाकडे एकदा जरूर पाहा.

१८/
योगायोग पाहा. त्याच १८९९ च्या सुमारास व्हिएन्नात रॉबर्ट गेर्सुनी हा शल्यचिकित्सक त्वचेखाली पॅराफिन, म्हणजे मेण टोचून शरीरातली पोकळी भरण्याचे प्रयोग करत होता. हीच सौंदर्यासाठीच्या आधुनिक इंजेक्शनांची सुरुवात. सुरकुत्या आणि बसकी नाके यांवर मेण टोचण्याची लाट युरोप-अमेरिकेत पसरली.

मग ते मेण जागेवरून सरकू लागले, गाठी धरू लागले. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची विख्यात सौंदर्यवती. नाकाचा बांक सरळ करण्यासाठी तिने मेण टोचून घेतले. ते खाली उतरले आणि तिचा चेहरा कायमचा बिघडला. प्लेगची सुई टाळून काही माणसे दगावली, तर मेणाची सुई फार सहज स्वीकारून काही चेहरे बिघडले. भीती कमी असणे हेही नेहमी शहाणपण नसते.

१९/
आजची सर्वांत प्रसिद्ध सौंदर्य-सुई बोटॉक्सची. तिचे मूळ एका विषात आहे. बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास जर्मनीत युस्टिनस केर्नर या कवी-वैद्याने १८२० च्या सुमारास केला. १९७० च्या दशकात अमेरिकेत ॲलन स्कॉट यांनी त्याच विषाची अत्यल्प मात्रा तिरळेपणावर वापरली. १९८७ मध्ये कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या ध्यानात आले की पापण्यांच्या आचक्यांसाठी हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या कपाळावरच्या आठ्याही गेल्या आहेत. पती ॲलिस्टेअर त्वचातज्ज्ञ. दोघांनी मिळून अभ्यास केला, १९९२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, आणि २००२ मध्ये अमेरिकेत या वापराला अधिकृत परवानगी मिळाली.

ती परवानगी नेमकी कुठल्या जागेसाठी होती? दोन भुवयांच्या मधोमध. म्हणजे जिथे आजीचे गोंदण आहे तिथे.

२०/
आता शरीराकडे वळू. सुईच्या भीतीचे दोन पदर असतात आणि ते वेगळे करता आले पाहिजेत.

पहिला पदर शरीराचा. बहुतेक भीतींत रक्तदाब वाढतो आणि वाढलेलाच राहतो. सुई आणि रक्त यांच्या भीतीत मात्र तो आधी चढतो आणि मग एकाएकी घसरतो. मेंदूला रक्त कमी पडते आणि माणूस कोसळतो. हा प्रकार घराण्यात चालत येतो असेही आढळते. १९९४ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात रक्त, इंजेक्शन आणि इजा यांच्या भीतीला स्वतंत्र उपप्रकार म्हणून स्थान मिळाले. म्हणून "मन घट्ट कर" हा सल्ला इथे अपुरा पडतो. घसरतो तो रक्तदाब. त्याचा धैर्याशी संबंध नाही.

२१/
यावर उपायही शरीराचाच आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात तो मांडला : हात, पाय आणि धड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहरा उबदार वाटेपर्यंत, घट्ट आवळायचे, मग वीस-तीस सेकंद सैल सोडायचे, असे पाच वेळा. त्यामुळे रक्तदाब टिकून राहतो. आधी घरी सराव करायचा, मग सुईचे चित्र पाहताना, मग प्रत्यक्ष सुई समोर असताना.

जिथे टोचायचे तिथले स्नायू मात्र सैल असावे लागतात. त्यामुळे गालावर टोचताना पाय आवळायचे, जबडा नव्हे. शिवाय आडवे पडून टोचून घेता येते, आणि त्वचा सुन्न करणारे मलम डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत लावता येते. आपल्याला चक्कर येते हे आधीच सांगणे ही तर पहिली पायरी. ते सांगायला मी लाजले होते.

२२/
दुसरा पदर विश्वासाचा. हा घालवायचा नसतो, त्याचे ऐकायचे असते. टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे का? बाटली किंवा सिरिंज माझ्यासमोर उघडणार का? तिच्यावरचे नाव आणि मुदत मला वाचता येईल का? काही बिघडले तर इथे काय उपाय आहे? त्वचा भरणारे द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेले तर तिथली त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. म्हणून हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. मुलकोवालच्या १९ जणांना ते विचारण्याची संधीच मिळाली नव्हती.

आणि एक प्रश्न स्वतःला : हे मला हवे आहे की दुसऱ्या कोणाला? प्लेगच्या काळात लस नाकारणाऱ्याच्या जिवाला धोका होता. सौंदर्याची सुई नाकारल्याने कोणी मरत नाही. इथे "नको" हे उत्तरही पूर्ण उत्तर आहे.

२३/
माझे पुढे काय झाले? तीन आठवडे मी रोज रात्री पाय आवळण्याचा सराव केला. मग दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले. माझे प्रश्न एका कागदावर लिहून नेले होते. त्यांनी कागद हातात घेतला, एकेका प्रश्नाचे उत्तर दिले, आणि पहिल्या भेटीत काहीच टोचले नाही. "आज नुसते बोलू. विचार करा आणि मग या," म्हणाल्या.

दुसऱ्या भेटीत मी आडवी पडले. सुई जवळ आली तेव्हा पाय आवळले, छताकडे पाहिले. अंधारी आली नाही. डोळ्यांत पाणी मात्र आले. तीन खड्डे भरले. बाकीचे मी राहू दिले आहेत. त्यांची मला आता पूर्वीइतकी लाज वाटत नाही, आणि हा परिणाम कुठल्या बाटलीतला नाही.

२४/
संध्याकाळी आजीने गाल जवळून पाहिला आणि विचारले, "कोणी टोचलं?"

दुखले का, हे तिने नंतर विचारले. पहिला प्रश्न "कोणी" हाच होता. १८०२ च्या पालकांचा, १८९७ च्या गिरणी कामगारांचा, मुलकोवालच्या गावकऱ्यांचा प्रश्नही तोच होता. या शहरात सुईची भीती जिथे गेली तिथे ती दटावून, हसून किंवा शिपाई पाठवून गेली नाही. कोणीतरी आधी स्वतःची बाही वर केली, विचारण्याआधी उत्तर दिले, आणि नकाराला जागा ठेवली, म्हणून गेली.

म्हणून तुमच्या ओळखीत कोणी सुईला घाबरत असेल तर "एवढीशी तर सुई" म्हणू नका. त्यांना काय विचारायचे आहे ते विचारू द्या. आणि त्यांच्यासाठी चांगला सोनार शोधा.

धागा समाप्त. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवीचा वण असेल तर तो केव्हा, कुठे, कोणी टोचला, हे आजच विचारून लिहून ठेवा. हा इतिहास दप्तरखान्यात फार थोडा सापडतो. उरलेला अजून त्यांच्या दंडावर आहे.